जमाखर्चाच्या वहीतील एक चूक

काटकसर या विषयावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातील बराचसा उपदेश आपणा सर्वांस तोंडपाठ आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे कोणाला ठाऊक नाही? तथापि ठाऊक असणे निराळे आणि घरात प्रत्यक्ष करून पाहणे निराळे. हा फरक मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळला. तो कळण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. तीच आज वाचकांपुढे ठेवावी असे मनात आहे.

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आमचे घर आहे. मी बेळगावात उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या हिशेबखात्यात कारकून होतो. दुसऱ्याच्या लाखो रुपयांचा हिशेब पैपैशाने जुळवावा आणि स्वतःच्या घरी मात्र पगार कोठे जातो याचा पत्ता नसावा, असा माझा संसार चालला होता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि कारखान्याची भट्टी थंड झाली. पुढे काम सुरू झाले खरे, परंतु कित्येक महिने पगार निम्माच हाती पडत असे. घरात आम्ही पाच माणसे : माझी वृद्ध आई, आम्ही उभयता आणि दोन मुले. तेव्हा मी शंभर पानी वही आणली, तिच्यावर रेघा मारल्या आणि रोज रात्री जेवणानंतर खर्च लिहू लागलो.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस बेरीज केली तेव्हा मी थक्क झालो. घर बुडविणारा खर्च एखादा मोठा असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात लहान लहान भोके अनेक होती. वाण्याकडून उधारीवर रोज थोडे थोडे सामान येई, त्यामुळे भाव विचारण्याची सोयच राहिली नव्हती. आम्ही महिन्याची यादी करून रोखीने सामान आणू लागलो. यादीत जे नाही ते दुकानात कितीही आकर्षक दिसले तरी घ्यावयाचे नाही, असा नियम केला.

स्वयंपाकघराचा कारभार माझ्या पत्नीने हाती घेतला. हरभरा, वाटाणा, चवळी ही कडधान्ये ती रात्रीच भिजत घाली. भिजलेला दाणा लवकर शिजतो आणि गॅस वाचतो. कुकरला एकदा शिटी झाली की ती आच मंद करी, कारण आतील दाब टिकविण्यास मंद आच पुरेशी असते. मोठी आच ठेवली तर जादा वाफ शिटीवाटे बाहेर जाते एवढेच. भातावरचे पाणी ओतून देण्याऐवजी आम्ही न्याहरीला पेज करू लागलो. आमच्या आजोळी हीच चाल होती, मध्यंतरी आम्हांला तिची लाज वाटू लागली होती इतकेच. सिलिंडर लावल्याची तारीख ती भिंतीवर खडूने लिहून ठेवी. पूर्वी जो 14.2 किलोचा सिलिंडर आम्हांला महिनाभरही पुरत नसे, तो चाळीस दिवसांच्या पुढे जाऊ लागला.

परसात भांडी घासण्याचे पाणी वाया जात असे. तेथे चर खणून ते केळीला आणि अळवाला वळविले. कुंपणावर दोडका व घेवडा चढविला, कोपऱ्यात शेवग्याची फांदी रोवली. पावसाळ्यापूर्वी आईने आमसुले वाळविली, फणसाचे गरे तळून डब्यात भरले, आणि सुकी मासळी उन्हे दाखवून बांधून ठेवली. आमच्याकडे पाऊस कोसळू लागला की बाजारात भाजी महाग होते. त्या वर्षी आम्हांला त्याची झळ फारशी लागली नाही.

वहीतील सर्वांत जड ओळ मात्र निराळीच होती. दोन वर्षांपूर्वी गावच्या फेस्ताला पाहुण्यांपुढे आपला मान राहावा म्हणून मी वीस हजार रुपये व्याजाने काढले होते. व्याज शेकडा तीन रुपये, दर महिन्याला. ऐकण्यास हे किरकोळ वाटते. परंतु महिन्याला सहाशे म्हणजे वर्षाला सात हजार दोनशे, आणि दोन वर्षांत चौदा हजार चारशे रुपये देऊनही मुद्दल जागच्या जागी! मी कारकून असूनही ही साधी आकडेमोड कधी केली नव्हती. माझी पत्नी म्हणाली, “अहो, मी पेजेच्या पाण्यात पैसे वाचवते आणि ते तुम्ही सावकाराच्या दारात नेऊन टाकता!” तिच्या बचत गटाकडून शेकडा एक रुपया दराने कर्ज मिळाले. त्यातून सावकाराचे देणे फेडले. महिन्याचे व्याज सहाशेवरून दोनशेवर आले, आणि उरलेले चारशे आम्ही मुद्दलात भरू लागलो. एका दिवसाच्या मानासाठी आपण किती दिवसांचे अन्न गहाण टाकतो, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा असे मला वाटते.

येथवरची हकीकत अभिमानाने सांगण्यासारखी आहे. पुढची तशी नाही.

माझ्या वहीत ‘आईची औषधे’ असा एक रकाना होता. तिला रक्तदाबाचा विकार. मे महिन्यात त्या रकान्यात सहाशे चाळीस रुपये होते, जुलैत चारशे साठ, ऑगस्टमध्ये तीनशे दहा. आकडा उतरत चाललेला पाहून मला समाधान वाटले. एकदा तर मी मुलांना म्हणालोदेखील, “पाहा, आजी काटकसर कशी करते ते शिका.” आई काही बोलली नाही.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी ती चुलीजवळ भोवळ येऊन बसली. आरोग्य केंद्रात नेले तेव्हा रक्तदाब एकशेनव्वदवर गेला होता. डॉक्टरांनी विचारले, “आजी, गोळ्या रोज घेता ना?” तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. ती जूनपासून अर्धीच गोळी घेत होती, आणि पुढे तर तीही एक दिवसाआड.

परतताना मी रागावून म्हणालो, “आई, तू मला सांगितले का नाहीस?” ती शांतपणे म्हणाली, “अरे, तू रोज रात्री वही वाचतोस. सगळ्यांच्या नावापुढे लहान आकडे, माझ्या नावापुढे तेवढा मोठा. मला बरे वाटेना.”

त्या शब्दांनी माझी मान खाली गेली. मी बेरीज बरोबर केली होती, आकडा का उतरला हे मात्र विचारले नव्हते. रक्तदाब दुखत नाही, म्हणून गोळी वगळली तरी काही बिघडले असे वाटत नाही. पण त्याच मुक्या विकारातून एखाद्या दिवशी पक्षाघात होतो. मग महिन्याचे दोनतीनशे रुपये वाचविलेले घर जन्मभराचे ओझे उचलते. आमच्यावर तो प्रसंग आला नाही, ही देवाची कृपा.

औषधातही काटकसर करता येते, पण ती मात्रा कमी करून नव्हे. आम्ही डॉक्टरांनाच विचारले. त्यांनी औषधाचे मूळ नाव लिहून दिले. बेळगावातील जनऔषधी केंद्रात तेच औषध साध्या वेष्टनात फार कमी किमतीला मिळाले. पुढे काही गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातूनच विनामूल्य मिळू लागल्या. आईची मात्रा पूर्ण झाली आणि खर्च ऑगस्टच्या आकड्याहूनही खाली आला. जे तिने जीव धोक्यात घालून साधले होते, ते एक प्रश्न विचारल्याने साधले असते! मात्र औषध बदलणे वा बंद करणे हे वैद्यकीय सल्ल्यावाचून कोणीही करू नये.

ती वही अजून चालू आहे. तिच्या पहिल्या पानावर मी चार गोष्टी लिहून ठेवल्या आहेत : आजाऱ्याचे औषध, मुलांचे दूध, शाळेची फी आणि दारी आलेल्या भुकेल्याचा घास. यांना कात्री लावावयाची नाही. बाकी सर्वत्र खुशाल लावावी. रोज रात्री खर्च लिहून झाला की मी आईच्या गोळ्यांची पट्टी पाहतो आणि किती उरल्या ते मोजतो. ती हसून म्हणते, “झाली का तुझी तपासणी?” हिशेबखात्यात इतकी वर्षे काढल्यावर मला एवढेच शिकावयाचे राहिले होते : घरच्या वहीत खर्चाचा आकडा वाढला तर कारण विचारावे, आणि अचानक घटला तर अगोदर विचारावे.