पडलेल्या विधेयकांची वही

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी मतदारांचा अभ्यासवर्ग घ्यायला गेले होते. आदल्या दिवशी तिथल्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात जाऊन मी एकच गोष्ट मागितली. साहेबांनी सभागृहात मांडलेल्या अशासकीय विधेयकांची यादी. स्वीय सहायक अगत्यशील माणूस. त्यांनी चहा सांगितला आणि गुळगुळीत कागदावर छापलेला कार्यअहवाल माझ्या हातात ठेवला. "यात सगळं आहे, ताई." सभामंडपाचं भूमिपूजन, हायमास्टचे दिवे, रुग्णवाहिकेचं लोकार्पण, दहावीच्या मुलांचे सत्कार. मी पान न् पान पाहिलं. 'विधेयक' हा शब्द त्यात एकदाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात तोच प्रश्न विचारला. चाळीसेक माणसं होती, त्यांपैकी कुणालाच उत्तर सांगता आलं नाही. मग एक निवृत्त गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, कायदा करणं हे सरकारचं काम ना? आमदारानं आपली कामं करायची."

या गुरुजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याला तसंच शिकवलं गेलं आहे. पण ज्या माणसाला आपण विधानसभेवर पाठवतो, त्याच्या पदाच्या नावातच विधान आहे, आणि विधान म्हणजे कायदा. मंत्री नसलेला कोणताही सदस्य, सत्ताधारी असो की विरोधक, स्वतःच्या नावावर विधेयक मांडू शकतो. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. त्याचा वार शुक्रवार. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास या कामासाठी राखलेले असतात, आपल्या विधानसभेतही अशासकीय कामकाज शुक्रवारीच येतं. मात्र शुक्रवारी दुपारी बहुतेकांच्या बॅगा भरलेल्या असतात आणि मतदारसंघाकडे जाणारी गाडी गाठायची असते.

विधिमंडळांच्या कार्यवाहीचे खंड वाचणं आणि त्यांची सूची करणं हे माझं आयुष्यभराचं काम. त्या कामात एक लाल कापडी बांधणीची वही तयार झाली. जी अशासकीय विधेयकं मंजूर झाली नाहीत, मागे घेतली गेली किंवा सभागृहाची मुदत संपल्यानं व्यपगत झाली, त्यांची नोंद मी तिच्यात करते. घरातले तिला 'पडलेल्यांची वही' म्हणतात. तिच्यात पानांची कधी कमतरता पडली नाही, कारण पडणं हाच इथला नियम आहे. स्वातंत्र्यानंतर आजवर संसदेत फक्त 14 अशासकीय विधेयकांचा कायदा झाला, आणि त्यातलं शेवटचं 1970 साली.

मग मांडायचं कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी वहीतलं बॅरिस्टर नाथ पै यांचं पान दाखवते.

27 फेब्रुवारी 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायमूर्तींचं पीठ, सहा विरुद्ध पाच असं बहुमत. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. जमीन सुधारणांसारखे कायदे पुढे कसे टिकणार, हा प्रश्न देशभर उभा राहिला. त्यावर पहिलं ठोस पाऊल सरकारनं उचललं नाही. ते उचललं विरोधी बाकावरच्या एका समाजवादी खासदारानं. एप्रिलमध्ये नाथ पै यांनी संविधान दुरुस्तीचं अशासकीय विधेयक लोकसभेत मांडलं. घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या संसदेकडेच असला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, देशभर त्यावर वाद झडला, कायदेपंडितांनी बाजूनं आणि विरोधात लिहिलं. एका खासदाराच्या शुक्रवारच्या कागदानं एवढं घडवलं.

हा खासदार कुठला, तर राजापूरचा. तेव्हाचं कोकण म्हणजे रेल्वे नसलेला, बोटीनं ये-जा करणारा, मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चूल पेटवणारा मुलूख. त्या मतदारांनी 1957, 1962 आणि 1967 असं तीनदा वेंगुर्ल्याच्या या मुलाला दिल्लीला पाठवलं. दिल्लीत आपला माणूस काय बोलतो, याचं त्यांना अप्रूप होतं आणि अभिमानही होता.

नाथ पैंचं विधेयक मंजूर झालं नाही. 27 डिसेंबर 1970 रोजी लोकसभा विसर्जित झाली, आणि लोकसभा विसर्जित झाली की तिच्यासमोर प्रलंबित असलेली विधेयकंही संपतात. त्यानंतर अवघ्या बावीस दिवसांनी, 18 जानेवारी 1971 रोजी, बेळगावात नाथ पै गेले. वय अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली. संसदेला तो अधिकार देणारी, सरकारनं आणलेली. 1973 साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठानं ती वैध ठरवली आणि त्याच वेळी घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही अशी मर्यादाही घातली.

इथं माझं मत सांगून टाकते. नाथ पैंचं ते विधेयक मला पूर्ण पटत नाही. पुढे आणीबाणीत घटनेचं जे झालं ते पाहिल्यावर न्यायालयानं घातलेली मर्यादा मला फार मोलाची वाटते. पण त्यांची भूमिका काय होती, ती कशासाठी होती, कोणत्या आक्षेपाला त्यांनी काय उत्तर दिलं, हे सगळं मला साठ वर्षांनंतर वाचता येतं आणि वाचून असहमत होता येतं. माझ्या लेखी उत्तरदायित्व म्हणजे हेच. ज्यानं स्वतःच्या नावावर कधी काही मांडलंच नाही, त्याच्याशी सहमत तरी कसं व्हायचं आणि भांडायचं तरी कशावर?

अशासकीय विधेयकाला जोडून 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. बहुधा अर्धं पान, शेवटी सदस्याचं नाव. त्या अर्ध्या पानावर पक्षाचं चिन्ह नसतं. कोणता अन्याय दिसला, प्रचलित कायदा कुठे तोकडा पडतो, काय बदलायला हवं, हे तिथं लिहावं लागतं. आमदाराला ओळखायचं तर मी आधी हे अर्धं पान काढते.

पण मांडून विसरून जाणारेही असतात. म्हणून वहीत मी एक रकाना आखला आहे, 'पुढे काय?' त्या रकान्यातली माझी सगळ्यात आवडती नोंद विधेयकाची नाही, ठरावाची आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेकौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत. कागदावर ठराव झाला, पाणवठ्यावर काही बदललं नाही. दुसरा कुणी असता तर ठराव मंजूर झाला म्हणून सत्कार स्वीकारून मोकळा झाला असता. बोले तीन वर्षांनी पुन्हा उभे राहिले. ऑगस्ट 1926 मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव पाळत नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव 1924 मध्येच केला होता, पण पाण्याला हात लावण्याची कुणाची छाती होत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले, तेव्हा कायद्याच्या बाजूनं त्यांच्या पाठीशी बोल्यांचा ठराव होता. महाडचा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो. बोल्यांचा 1926 चा दुसरा ठराव शिकवला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पाठपुरावा म्हणजे काय, हे मुलांना त्यातून नेमकं कळलं असतं.

बाबासाहेबांच्या नावावरही माझ्या वहीत दोन पानं आहेत. 1928 मध्ये त्यांनी कायदेकौन्सिलात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं. 1874 च्या वतन कायद्यानं बांधलेल्या, तुटपुंज्या मोबदल्यावर रात्री-अपरात्री गावकी करणाऱ्या घरांना मोकळं करण्यासाठीचं ते विधेयक. 1929 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. सप्टेंबर 1937 मध्ये नव्या विधानसभेत त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. तेही पुढे सरकलं नाही, तेव्हा जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चानं आले. खोती नष्ट करणारा कायदा 1949 चा, कनिष्ठ गावकी वतनं नष्ट करणारा 1958 चा. विधेयक मागे घेतलं म्हणून माणूस मागे हटला असं होत नाही, आणि पुस्तकी आकडेवारीला हा फरक दिसत नाही. नामदार गोखल्यांचं प्राथमिक शिक्षण विधेयक 19 मार्च 1912 रोजी तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळलं गेलं होतं. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा लागू झाला तो 1 एप्रिल 2010 रोजी.

संसदेतली भाषणं वर्तमानपत्रं निर्धास्तपणे छापू शकली, यामागेही एक अशासकीय विधेयक आहे. संसदेतलं भाषण जसंच्या तसं छापणाऱ्या वार्ताहराला कायद्याचं संरक्षण नव्हतं. रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी यांनी त्यासाठी विधेयक आणलं आणि 1956 मध्ये त्याचा कायदा झाला. आणीबाणीत तो रद्द केला गेला, 1977 मध्ये परत आला आणि पुढच्या वर्षी चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं त्या संरक्षणाला थेट घटनेत जागा मिळाली.

आता आजच्याकडे येते. दिल्लीत पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च आणि मुंबईत प्रजा फाउंडेशन यांनी खासदार-आमदारांच्या हजेरीचे, प्रश्नांचे, कामगिरीचे तक्ते लोकांसमोर ठेवले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण आकडा एकदा मोजला जाऊ लागला की काही जण आकड्यासाठीच काम करू लागतात. दोन वेगवेगळ्या सदस्यांची दोन विधेयकं एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसकट शब्दशः सारखी असलेली मी पाहिली आहेत. ज्या विधेयकाला राज्याच्या तिजोरीतून खर्च लागणार, त्याला राज्यपालांची शिफारस लागते. ती न मागताच कोट्यवधींच्या योजनांची विधेयकं दाखल करून ठेवणारेही आहेत. तक्त्यात त्या प्रत्येकाला एक गुण मिळतो. नाथ पैंच्या त्या विधेयकालाही एकच गुण मिळाला असता.

खरी परीक्षा विधेयक मागे घेताना होते. मंत्री उठून सांगतात की शासन या विषयावर सर्वंकष विधेयक आणणार आहे, तेव्हा सन्माननीय सदस्यांनी आपलं विधेयक मागे घ्यावं. सदस्य सभागृहाच्या अनुमतीनं ते मागे घेतात. त्या क्षणी मंत्र्यांचं बोलणं आश्वासन ठरतं. आश्वासनं पाळली का, हे पाहायला सभागृहाची आश्वासन समिती आहे. सहा महिन्यांनी त्या सदस्यानं तारांकित प्रश्न टाकला का? समितीला पत्र लिहिलं का? पुढच्या अधिवेशनात तेच विधेयक पुन्हा दिलं का? माझ्या वहीतला 'पुढे काय?' हा रकाना पानंच्या पानं कोरा आहे. शासनानं शब्द पाळला नाही हे त्याचं एक कारण. शब्द घेणाऱ्यानं विचारलं नाही, हे दुसरं. मला दुसरं कारण अधिक बोचतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालामुळे आज उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, गुन्ह्यांची माहिती, शिक्षण हे सगळं शपथपत्रावर मिळतं. पुन्हा उभ्या राहिलेल्या आमदारानं पाच वर्षांत सभागृहात काय केलं, यासाठी त्या शपथपत्रात एकही ओळ नाही. ती असली पाहिजे. मांडलेली विधेयकं, मागे घेतलेली विधेयकं आणि त्या बदल्यात मिळालेली आश्वासनं. एका पानात मावेल एवढीच ही माहिती आहे.

ते पान सक्तीचं होईल तेव्हा होईल. तोवर कार्यवाही विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आहे आणि मागायचा हक्क आपल्याकडे आहे. त्या गावातल्या गुरुजींनी वर्ग संपल्यावर माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि आमदारांना चार ओळींचं पत्र लिहिलं, आपण मांडलेल्या विधेयकांची 'उद्देश व कारणे' यांची प्रत मिळावी. खाली गावातल्या अकरा जणांच्या सह्या घेतल्या. दिवाळी आटोपली की नागपूरला हिवाळी अधिवेशन भरेल. त्याआधी तुमच्या आमदारांनाही असं एक पत्र जाऊ द्या, आणि जे उत्तर येईल ते जपून ठेवा.