डुकरावर नजर ठेवायला जमिनीवरचं लपण



भात दुधात आलं की डुकरं येणार, हे सांगायला नको. पण आमच्या अंबरनाथच्या आनंदनगर पट्ट्यात एका अंगाला एमआयडीसी आणि दुसऱ्या अंगाला रान. रात्रीत भात आडवं होतं ते डुकरांनी की मोकाट गुरांनी, हाच वाद. शेजारचा गडी वैतागून बांधावरच्या तारेत थेट लाइट सोडायला निघाला होता. पहाटे त्याच बांधावरून वाडीतली माणसं जातात. म्हटलं, चार रात्री थांब, मी बसून बघतो.

शिकारीचा विषय नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय डुक्कर मारणं गुन्हा आहे. बसायचं ते फक्त बघायला. माळा बांधावा तर जवळ झाड नाही, म्हणून जमिनीवरच लपण केलं.

पहिली गोष्ट वारा. डुकराची नजर कमजोर, पण नाक आणि कान भारी तिखट. पावसाळा सरला की आपल्याकडे रात्रीचा वारा डोंगराकडून खाली उतरतो. म्हणून रान पूर्वेला, तर आपण शेताच्या पश्चिमेला. मूठभर राख सोडून खात्री करायची. विडी, तंबाखू, वासाचा साबण बंद.

दुसरी, ओळखीचा आकार. फासेपारधी गाईच्या आडून तित्तरांजवळ जात, कारण चरणारी गाय पाखराला रोजची. तसंच बांधावरची करवंदाची जाळी न तोडता तिच्याच पोटाशी बसायची जागा केली. बांधाच्या माथ्यावर बसलं तर आभाळावर डोकं उठून दिसतं. आडोशाला जुना पेंढा आणि वाळलं गवत लावलं. हिरव्या फांद्या दोन दिवसांत सुकतात, पानं गळून भोकं पडतात. पाठीमागे काळं गोणपाट, म्हणजे हललेलं दिसत नाही. समोर वीतभर फट. हे सगळं बसायच्या आठ दिवस आधी करून ठेवलं.

तिसऱ्या रात्री एकच्या सुमाराला ओहळाच्या तोंडातून कळप आला. मोठी दोन, पिल्लं पाच. गुरं शेंडे कापल्यासारखी चरतात. डुकरांनी ताटं आडवी केली, लोंब्या चघळून चोथा टाकला आणि बांध उकरला. सकाळी खुरांचे आणि चोथ्याचे फोटो काढून वनविभागाला कळवलं. पंचनाम्यासाठी तीन दिवसांच्या आत कळवायचं, हे ध्यानात असू द्या.

वाट एकच निघाली. ओहळाचं तोंड दोघांनी मिळून काटेरी झापांनी बंद केलं. तार शेजाऱ्याच्या पडवीतच राहिली.

बसणार असाल तर एकटे बसू नका. आत शिरण्याआधी काठीने पेंढा हलवून बघा, घोणस असते. पिल्लांवाली डुकरीण जवळ आली तर गप्प राहा, मध्ये जाऊ नका. आणि बिबट्याचा माग दिसला, तर जमिनीवर बसूच नका.