म्हाताऱ्यांची औषधं

परवा पुतण्या फडके रोडवर भेटला. डोक्यावर टोपी नव्हती. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका.

गेल्या वर्षी एका रविवारी तो घरी आला आणि टीपॉयवर कागदाची एक पुडी उलगडली. आत केस! उशीवरचे, न्हाणीघरातले, महिन्याभराचे जमवलेले. वय सत्तावीस, लग्नाची बोलणी सुरू. हेअर ट्रान्सप्लांट करायचं त्याने ठरवलं होतं, पण डॉक्टरांनी आधी वर्षभर औषधं घ्यायला सांगितली होती. "काका, औषधानेच टक्कल पडतंय. ते बंद करतो आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन उरकतो. एके ठिकाणी हप्त्याने करून देतात."

मी हसलो. "अरे, टक्कल म्हणजे विद्वत्तेचं लक्षण!" वर्गात हमखास पिकणारा विनोद. तो हसला नाही. पुडी गुंडाळून निघून गेला.

रात्री झोप लागेना. पुढच्या शनिवारी त्याला घेऊन मीच डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. केस काही वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. रोज पन्नास-शंभर केस सगळ्यांचेच जातात. मिनॉक्सिडिल लावायला लागलं की विश्रांतीतले केस नव्या केसाला जागा देण्यासाठी एकदमच बाहेर पडतात. दोन ते आठ आठवड्यांत ही गळती दिसते आणि पुढे थांबते. घाबरून नेमकं तेव्हाच औषध सोडलं, तर गळती पदरात पडते आणि फायदा हुकतो.

"आणि ऑपरेशन?" त्याने विचारलं.

"रोवलेले केससुद्धा दोन-चार आठवड्यांत गळतात. मुळं राहतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवायला लागतात. गळतीला भिऊन तिकडे पळालात, तर तिथेही तीच भेटेल! शिवाय मागचे केस मोजकेच असतात, ते घाईत खर्च करायचे नाहीत. आजूबाजूचे जुने केस टिकवायला औषध नंतरही लागतंच."

चिठ्ठी पाहून मला गंमत वाटली. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, अमेरिकेत 1979 साली मान्य झालेलं. रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा हा गुण कळला. दुसरं फिनास्टराइड. माझे मित्र प्रोस्टेटसाठी 5 मिलिग्रॅम घेतात, हा 1 मिलिग्रॅम. सगळी आम्हा म्हाताऱ्यांचीच औषधं! त्याचे लैंगिक किंवा मनावर दुष्परिणाम होऊ शकतात, तसं काही जाणवलं तर न लाजता सांगा, असंही डॉक्टरांनी बजावलं.

बाहेर आल्यावर मी त्याला 2019 सालची आठवण करून दिली. मुंबईत एक व्यावसायिक अशाच शस्त्रक्रियेनंतर दगावला होता. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही बजावलं की हे काम प्रशिक्षित डॉक्टरनेच करावं, नुसते व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळा करून ते शिकता येत नाही. हप्त्याचा विषय तिथेच संपला.

गळती दीड-दोन महिन्यांत थांबली. कपाळावर अजून विरळच आहे. ऑपरेशन करायचं की नाही, हे तो आता सावकाश ठरवणार आहे.

मला मात्र त्या हसण्याबद्दल त्याची माफी मागायला जमलेलं नाही. पस्तीस वर्षं वर्गात त्या विनोदावर हशा मिळवला. त्यात कोणी मुलगा मान खाली घालून बसला होता का, हे मी कधी पाहिलंच नाही.

असो. पुतण्या हे वाचतो, म्हणून इथे लिहिलं.