पाठ फिरल्यावर

आपल्याकडे दान आणि दगड यांचे नाते फार जुने आहे. कार्ल्याच्या लेण्यात गेलात तर व्हरांड्यात कोरलेला एक लेख दिसतो. हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केले, असे तो सांगतो. आत गेले की खांबाखांबावर देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवनसुद्धा आहेत. दोन हजार वर्षे होत आली, राज्ये गेली, भाषा बदलली, पण देणाऱ्यांची नावे शाबूत आहेत. ती कोरली नसती तर इतिहासकारांची मोठी पंचाईत झाली असती. तेव्हा दानावर नाव घालणाऱ्यांना मी सरसकट हसणार नाही.

पण देवळाच्या पायऱ्या, बागेतली बाकडी, सभागृहातले घड्याळ यांच्यावरची नावे वाचता वाचता माझी नजर नेहमी पंख्यावर जाऊन थांबते. पंखा बंद असला की त्याच्या पात्यावरचे देणाऱ्याचे नाव स्पष्ट वाचता येते. पंखा सुरू झाला की नाव दिसेनासे होते आणि वारा मात्र सगळ्यांना लागतो. नाव आणि वारा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत, ही त्या पंख्याची शिकवण मला मोठी मार्मिक वाटत आली आहे.

गंमत अशी, की या शिकवणीचा अर्थ मला नीट उमगला तो एका इंग्रज गायकामुळे. माझे कान भावगीतांवर आणि नाट्यसंगीतावर पोसलेले. परदेशी पॉप संगीत म्हणजे शेजारच्या घरातले भांडण. ऐकू येते, पण आपण लक्ष द्यायचे नसते, अशी माझी समजूत. नातीच्या कॉलेजात नाताळचा कार्यक्रम होता आणि ती घरात एकच गाणे पुन्हा पुन्हा लावून बसली होती. शेवटी मी विचारले, "अगं, इतक्या आनंदाने हा कोण रडतोय?"

ती हसून म्हणाली, "आजी, बरोब्बर ओळखलंस! हा जॉर्ज मायकल. गाणं प्रेमभंगाचंच आहे." आणि मग तिने मला त्याची सगळी कहाणी सांगितली. पुढे मीही जमेल तेवढे वाचून काढले.

जॉर्ज मायकल हे त्याचे घेतलेले नाव. मूळ नाव जॉर्जिओस किरियाकोस पानायोटू. जन्म २५ जून १९६३ रोजी लंडनमधला. वडील सायप्रसहून आलेले ग्रीक, उपाहारगृह चालवणारे. आई इंग्रज, तरुणपणी नर्तकी. शाळेत अँड्र्यू रिजली नावाचा मित्र भेटला आणि दोघांनी मिळून 'व्हॅम!' नावाची जोडी जमवली. 'केअरलेस व्हिस्पर' या त्याच्या जगप्रसिद्ध गाण्याची सुरुवात झाली ती सतराव्या वर्षी, कामावर जाताना, चक्क बसमध्ये. १९८५ साली ही जोडी चीनमध्ये जाऊन गाऊन आली. पाश्चात्त्य पॉप संगीत तिथे तोवर जवळजवळ कोणी प्रत्यक्ष ऐकलेले नव्हते. १९८६ साली जोडी फुटली. १९८७ साली त्याचा स्वतंत्र 'फेथ' हा गीतसंग्रह आला आणि तो जगातल्या मोठ्या गायकांत जाऊन बसला. गाणी लिहिणे, चाली बांधणे, गाणे आणि ध्वनिमुद्रणावर देखरेख ठेवणे ही चारही कामे तो स्वतः करी.

माझी नात लावून बसली होती ते गाणे म्हणजे 'लास्ट ख्रिसमस'. १९८४ च्या ऑगस्टात, ऐन उन्हाळ्यात, त्याने हे नाताळचे गाणे तयार केले आणि त्यातली वाद्येही स्वतःच वाजवली. आता पाहा दैवाचा खेळ. त्याच वर्षी इथिओपियात भीषण दुष्काळ पडला होता. तिथल्या लोकांसाठी ब्रिटनमधल्या अनेक गायकांनी 'बँड एड' या नावाने एकत्र येऊन एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या गाण्यात जॉर्जनेही आपला आवाज दिला. नाताळात ते मदतीचे गाणे खपात पहिले आले आणि त्याचे स्वतःचे गाणे दुसरे! ज्याला हात दिला त्यानेच मागे टाकले, म्हणून दुसरा एखादा हळहळला असता. याने 'लास्ट ख्रिसमस'चे मानधनही इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांना देऊन टाकले. ब्रिटनच्या यादीत ते गाणे पहिले यायला २०२१ चा जानेवारी उजाडावा लागला. तोवर गायक या जगात नव्हता.

इथपर्यंतची हकीकत सर्वांना माहीत होती. वर्तमानपत्रांना याहून पुष्कळ अधिक माहीत होते. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीशी त्याने दावा मांडला आणि १९९४ साली तो हरला, हे त्यांनी छापले. १९९८ साली अमेरिकेत त्याला अटक झाली, तेही छापले. त्यानंतर त्याने आपण समलिंगी असल्याचे न लाजता सांगितले, तर कित्येक पत्रांनी त्याचीही टवाळी केली. २०१० साली नशेत गाडी चालवल्याबद्दल त्याला आठ आठवड्यांची शिक्षा झाली. तेव्हा तर विचारायलाच नको. तो चुकला तेथे चुकलाच. त्यावर मी पांघरूण घालत नाही. माणूस प्रसिद्ध झाला की त्याच्या घराला भिंती राहत नाहीत. छायाचित्रकार त्याच्या दाराशी बसून असत. याचा अर्थ एवढाच, की जॉर्ज मायकलविषयी जगाला कळायचे बाकी काही उरले आहे, असे कोणालाच वाटत नव्हते.

आणि २०१६ सालच्या नाताळच्या दिवशी, वयाच्या ५३ व्या वर्षी, तो अचानक गेला.

दुसऱ्या दिवसापासून एकेक माणूस बोलू लागला. दूरचित्रवाणीवरच्या एका खेळात आलेल्या बाईने, मूल होण्यासाठीच्या उपचारांना आपल्याला १५ हजार पौंड हवे आहेत, असे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी जॉर्जने गुपचूप फोन करून ते पैसे दिले, असे त्या कार्यक्रमाशी संबंधित असलेल्या रिचर्ड ऑस्मन यांनी उघड केले. बेघरांच्या एका निवाऱ्यात तो मदतीला येत असे आणि हे कोणाला सांगू नका असे बजावत असे, असे त्याच्याबरोबर तिथे काम केलेल्या बाईने लिहिले. संकटातल्या मुलांसाठी दूरध्वनीची सेवा चालवणाऱ्या 'चाइल्डलाइन' या संस्थेच्या संस्थापक एस्थर रँट्झन यांनी तर सांगितले, की 'जीझस टू अ चाइल्ड' या १९९६ च्या गाण्याचे सारे उत्पन्न त्याने संस्थेला दिले होते, आणि अशी मदत वर्षानुवर्षे चालू होती. पण वाच्यता करायची नाही ही त्याची अट होती. ते गाणे त्याने आपल्या मरण पावलेल्या प्रियकराच्या, आन्सेल्मो फेलेप्पाच्या, आठवणीत लिहिले होते. स्वतःच्या दुःखातून आलेला पैसा त्याने दुसऱ्यांच्या मुलांकडे वळवला, आणि मधल्या वाटेवर कुठे आपली सावलीही पडू दिली नाही.

या सगळ्यांत माझ्या मनात घर करून राहिली ती एका पत्रकार बाईंनी सांगितलेली हकीकत. एका कॅफेत एक अनोळखी बाई कर्जापायी रडत होती. जॉर्जने २५ हजार पौंडांचा चेक लिहिला आणि वाढणाऱ्या मुलीच्या हाती देऊन सांगितले, की मी निघून गेल्यावर तो त्या बाईला दे.

मी निघून गेल्यावर! या तीन शब्दांपाशी मी पुष्कळ वेळ थांबले.

गुप्तदानाची महती आपण लहानपणापासून ऐकतो. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये. सांगितले तर पुण्य उणे होते, वगैरे. म्हणजे गुप्तता कशासाठी, तर देणाऱ्याचे पुण्य गळू नये म्हणून. बरणीचे झाकण घट्ट लावावे तसे. पण कॅफेतून निघून जाणारा तो माणूस स्वतःच्या पुण्याची बरणी सांभाळत होता असे मला वाटत नाही. तो त्या बाईला सांभाळत होता. तो समोर उभा राहिला असता तर तिला डोळे पुसावे लागले असते, उठावे लागले असते, आभार मानावे लागले असते. आणि समोर कोण आहे हे कळल्यावर तर जन्मभर ती 'जॉर्ज मायकलने जिचे कर्ज फेडले ती बाई' झाली असती. कर्ज फिटले असते, पण उपकार अंगावर राहिले असते. पाठ फिरवून त्याने तेही फेडून टाकले.

माझ्या आईला हे न शिकवता कळत होते. साठ वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या घरी दर गुरुवारी एक विद्यार्थी वार लावून जेवायला येई. आम्हा मुलांना आईची सक्त ताकीद होती, की 'आज त्याचा वार' हे शब्द त्याच्यासमोर उच्चारायचे नाहीत. त्याचे पान आमच्याच ओळीत, मधे. एका दिवाळीत तिने माझ्या भावाच्या सदऱ्याच्या कापडाचाच त्यालाही सदरा शिवला आणि त्याच्या हातात देताना अगदी वैतागल्या सुरात म्हणाली, "अरे, शिंप्यानं कापड जास्तच आणायला लावलं बघ. उरलेल्यात तुझा सदरा बसला. वाया कशाला घालवायचं?"

"बरं, काकू," म्हणून त्याने तो घेतला. डोळ्यांत पाणी नाही, नमस्कार नाही. शेजारच्या घरी वाटी द्यावी-घ्यावी इतक्या सहज. कापड मुळीच उरले नव्हते, हे मला ठाऊक होते. ते आणायला मीच आईबरोबर लक्ष्मी रोडवर गेले होते. एवढे धडधडीत खोटे आई पुन्हा कधी बोललेली मला आठवत नाही. आज वाटते, की तो सदरा त्या खोट्याच्या अस्तरामुळेच त्याच्या अंगाला टोचला नाही.

यावर कोणी म्हणेल, सगळ्यांनीच असे लपवून दिले तर संस्था चालायच्या कशा? एकाचे पाहून दुसरा देतो. खरे आहे, आणि जॉर्ज मायकललाही ते पुरते ठाऊक होते. जिथे नावामुळे पैसा उभा राहतो तिथे त्याने नाव मोकळ्या हाताने खर्च केले. १९८४ चे दुष्काळाचे गाणे हे त्याचे एक उदाहरण. दुसरे आपल्याला जवळचे आहे. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा फारोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला आणि १९९१ साली एड्सच्या विकाराने गेला. त्याच्या स्मरणार्थ १९९२ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर जो जलसा झाला त्यात जॉर्ज असा काही गायला, की लोक अजून त्याची आठवण काढतात. ते गाणे ज्या ध्वनिमुद्रिकेत आले ती १९९३ साली ब्रिटनमध्ये पहिली आली आणि तिचे उत्पन्न एड्सविरुद्ध काम करणाऱ्या मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टला गेले. तिथे नाव लपवणे म्हणजे पैसा बुडवणे झाले असते.

म्हणजे नाव घालावे की घालू नये, याचा निवाडा देणाऱ्याकडे पाहून करायचाच नाही. घेणाऱ्याकडे पाहायचे. दुष्काळात लाखो माणसांना धान्य पोहोचवायचे असेल तर ढोल वाजवावा. पण एकटी बाई एका टेबलाशी रडत असेल तर पावलांचाही आवाज होऊ देऊ नये.

आणखी एक प्रकार आहे. त्याला मी दान म्हणणारच नाही. त्याची आई १९९७ साली कर्करोगाने गेली. तिची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची आठवण ठेवून त्याने डिसेंबर २००६ मध्ये लंडनच्या राउंडहाऊस सभागृहात सरकारी रुग्णसेवेतल्या परिचारिकांसाठी फुकट कार्यक्रम केला. तिथे मात्र तो लपला नाही. रंगमंचावर उभा राहून गायला. बरोबरच आहे. देताना तोंड लपवावे, पण ऋण मान्य करताना समोर यावे. आपण बहुतेक वेळा नेमके उलटे करतो.

पाठ फिरल्यावर माणसे काय बोलतात, याची आपल्याला जन्मभर धास्ती असते. आपल्या भाषेतही हा शब्दप्रयोग येतो तो निंदेसाठी, चहाडीसाठी. या माणसाच्या समोर जगाने हवी ती निंदा केली आणि त्याची पाठ फिरल्यावर चांगले बोलायला सुरुवात केली. बोलणारी बहुतेक माणसे साधी होती. आणि त्यांतल्या कित्येकांनी वर्षानुवर्षे शब्द पाळला होता. त्यांच्या त्या मौनाचेही मला कौतुक वाटते.

दिवाळीचे दिवस आहेत. लक्ष्मीपूजनाला आपण पैशाची पूजा करतो; फराळाची ताटे झाकून इकडून तिकडे पाठवतो. ताटावर तो विणलेला रुमाल का घालतात, याचे कारण मी लहानपणी विचारले होते. धूळ बसू नये म्हणून, असे उत्तर मिळाले होते. आता मला त्याचे दुसरेही एक कारण सुचते. या वर्षी आमच्या घरून जाणाऱ्या एका ताटाखाली एक पाकीटही असेल. ते कोणाकडे जाईल, हे मात्र मी इथे लिहिणार नाही.