संबळ, पेटी आणि आम्ही

माघांत पुतण्याच्या लग्नासाठीं आम्हांस नेकनुरास जाण्याचा योग आला. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालण्याची आमच्या घरची वहिवाट. रात्रीं माळवदाच्या घरापुढें अंगणांत चौक भरला, दिवटी पेटली, गोंधळी मंडळी उभी राहिली. संबळ होता, तुणतुणें होतें. पण म्हाताऱ्या गोंधळ्याच्या मुलानें शेजारीं एक कीबोर्डही मांडला होता! तो दिसतांच आमच्यांतला प्राध्यापक जागा झाला. "तें खोकें आधीं उचला," आम्हीं फर्माविलें.

पोरानें निमूटपणें वायर काढली. म्हातारा मात्र हसून म्हणाला, "मास्तर, आबांची पेटी तरी कुठं आपल्या बाभळीची हुती?"

आम्ही निरुत्तर झालों. आमचे वडील त्याच ओसरीवर ज्या पेटीवर अभंग म्हणत, ती मूळची युरोपची. तिचे सूर ठरलेले, मींड तिला साधत नाहीं. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत कायम होती. पण नाटकांतून, कीर्तनांतून, घराघरांतून ती इतकी मुरली होती कीं तिला परकी म्हणणाराच परका ठरावा. पुढें अजय-अतुल यांनीं 'जोगवा' चित्रपटांत (२००९) गोंधळाला वाद्यवृंदाची जोड दिली. 'सैराट'साठीं (२०१६) तर थेट लॉस एंजेलिसच्या वादकांची साथ घेतली. त्या गाण्यांवर आम्हीं घरीं ताल धरला होता, हें कबूल केलें पाहिजे. मग या पोराचाच अपराध कोणता?

आम्हीं त्याला जवळ बोलाविलें. "सर, नुसत्या संबळावर वर्षाला चार सुपाऱ्या. ह्याच्यासंगं वीस," एवढेंच तो बोलला.

कीबोर्ड पुन्हां मांडला गेला. पदें रंगलीं, मुलें नाचलीं. आम्हांस भीति होती ती आख्यानाची. आख्यानांत गोंधळी मधेंच थांबतो, प्रश्न विचारतो, थट्टा करतो. संबळ त्याच्या श्वासाबरोबर मागें-पुढें होतो. यंत्रांत भरलेला ताल कोणासाठीं थांबत नाहीं. खरी अडचण सुरांच्या परकेपणाची नव्हे, ही आहे.

पहांटेच्या सुमारास म्हाताऱ्यानें आख्यान उचललें. पहिल्याच थांब्याला यंत्राचा ताल त्याच्या शब्दांना तुडवून पुढें निघून गेला. म्हाताऱ्यानें नुसतें वळून पाहिलें. पोरानें ताल बंद केला, एक बोट षड्जावर ठेवलें आणि उजाडेपर्यंत तें तेथून हलविलें नाहीं.