गर्विष्ठ विद्वानाचे सामान

गर्विष्ठ विद्वानाला पूर्वकथा दिली की त्याचा गर्व थोडा उतरतो. रोलप्लेइंग खेळात, म्हणजे ज्यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राच्या तोंडून बोलतो आणि बिकट प्रसंगांचा निकाल फाशांवर लागतो अशा खेळात, पात्र रचणाऱ्यापुढे ही अडचण हटकून उभी राहते. लहानपणी हिणवला गेला, गुरूने ग्रंथालयातून हाकलले, शोधाचे श्रेय दुसऱ्यानेच लाटले, यांपैकी काहीही लिहिले की पुढचा सगळा उद्धटपणा जखमेवरची खपली ठरतो, आणि खपलीचा राग कोणाला येत नाही. काहीच लिहिले नाही, तर ते नुसते सोंग उरते. कारण तर असावे, पण त्या कारणाने गर्व माफ होऊ नये, अशी ही मागणी आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला आद्य खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणला, तेव्हा पूर्वकथेवाचून कोणाचे अडत नव्हते. सहा गुणांसाठी दर वेळी तीन फासे टाकायचे आणि भुयारात उतरायचे, एवढाच मामला होता. त्या सहांत बुद्धी आणि शहाणपण हे गुण वेगवेगळे धरलेले असल्याने बुद्धी १८ आणि शहाणपण ६ असा गृहस्थ केवळ फाशांच्या कृपेने जन्माला येऊ शके. १९७८ च्या नियमपुस्तकात पहिल्या पायरीवरच्या जादूगाराला दिवसाकाठी एकच मंत्र मिळे, तोही उच्चारताच स्मृतीतून पुसला जाई (ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांवरून घेतलेली), आणि त्याचे प्राणबळ चार बाजूंच्या एका फाशावर ठरे. सकाळीच मंत्र खर्चून बसलेला, एका घावात गारद होणारा, तरीही सोबतच्या तलवारबाजांना अडाणी समजणारा हा प्राणी पूर्वकथेविनाच पुरेसा रंगतदार असणार.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र पात्राला पार्श्वभूमी निवडावी लागते, आणि ‘सेज’, म्हणजे ज्ञानी, या पार्श्वभूमीसाठी स्वभाव, आदर्श, बंध आणि उणिवा यांचे तक्तेच दिलेले आहेत. आपल्याहून कमी बुद्धीच्या माणसांना सांभाळून घेण्याची आपल्याला सवय आहे असे मानणारा स्वभाव त्यात आठ बाजूंच्या फाशाने पदरी पडू शकतो. म्हणजे ताठा आधी हाती येतो आणि त्याचे कारण मागाहून जुळवायचे असते. प्रत्यक्षातल्या पंडितांविषयी लोक याहून वेगळे काही करतात असे नाही.

याच ज्ञान्याच्या सामानात शाईची बाटली, लेखणी आणि लहान चाकू यांच्या जोडीला एक पत्र असते. ते एका मृत सहकाऱ्याचे असून त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या विद्वानाला अजून सापडलेले नाही. प्रश्न कोणता, हे पुस्तक सांगत नाही. आपल्याला न आलेल्या उत्तराचा पुरावा गर्विष्ठ माणूस कमरेशी बाळगून का हिंडावा? जाळून टाकणे सोपे होते. कदाचित असा प्रश्न फक्त आपल्यालाच विचारला गेला, याचाच त्याला अभिमान असेल.

पत्र आणि विद्येचा ताठा एकत्र आले की मराठी मन चांगदेवाकडे वळतेच. परंपरा सांगते की चौदाशे वर्षे काळाला चकवणाऱ्या या योग्याने ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले, पण वयाने धाकट्या आणि अधिकाराने थोर अशा माणसाला चिरंजीव लिहावे की तीर्थरूप, हे न उमगल्याने कोराच कागद धाडला. त्यावर मुक्ताबाईने थट्टा केली आणि ज्ञानदेवांकडून पासष्ट ओव्यांचे उत्तर गेले. पुढे वाघावर बसून, सापाचा चाबूक करून तो भेटीला निघाला आणि चालत्या भिंतीपुढे नमला, ही कथा अधिक गाजली; पण वाघापेक्षा तो कागदच जास्त घोळत राहतो. मायन्यापाशी अडणे हा विनय म्हणावा, तर विनयी माणूस सरळ तीर्थरूप लिहून मोकळा झाला असता. गर्व म्हणावा, तर चिरंजीव लिहायला त्याला कोण अडवणार होते? पुढे त्याच मुक्ताबाईला त्याने गुरू केले, हे सांगताना परंपरा त्याच्या ताठ्याला बालपणीचे दुःख वगैरे कारण चिकटवत बसत नाही. चौदाशे वर्षांची विद्या एवढेच कारण तिला पुरते. ते पुरेसे आहे का, हे ठरवणे कठीण, कारण तेवढ्याच विद्येने एखादा नम्रही झाला असता.

खेळाडूपुढचा पेच यातून सुटत नाही. पत्रातला प्रश्न त्याने स्वतः रचला, तर त्याचे उत्तर त्याला बहुधा ठाऊक असणार, आणि मग विद्वानाचे अज्ञान लटके ठरते. तो रिकामा सोडून खेळाच्या सूत्रधारावर, म्हणजे डंजन मास्टरवर, सोपवला, तर पात्राच्या गर्वातला एकमेव सच्चा भाग परक्याच्या हाती जातो, आणि सूत्रधार तर अनेकदा ते पत्र विसरूनही जातो.