शाबासकी नेमकी कुठे

परंड्यात माझ्या दुकानात वाढदिवसाचा फ्लेक्स करायला फार वेळ लागत नाही. साचा तयार असतो. वर महापुरुषांची रांग, मध्ये उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. ‘कार्यसम्राट’, ‘युवकांचे आशास्थान’, ‘दमदार नेतृत्व’ हे सगळं फाइलमध्ये आधीच टाइप करून ठेवलंय. मी फक्त चेहरा बदलतो. एका गटाचं आशास्थान छापून वाळतंय तोवर दुसऱ्या गटाचं आशास्थान दारात उभं असतं. धंदाच आहे तो, त्याला नावं ठेवून जेवणार काय? पण कुणालाही चिकटते ती स्तुती कुणाचीच नसते, एवढं मशीनमधून बाहेर पडणारं कापड बघून रोज कळतं.

मी मूळचा ब्रशवाला. खडूच्या भुकटीत घोळलेला दोरा पत्र्यावर ताणायचा, मधोमध टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटते. तिच्यावर अक्षरं टांगायची. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद ‘छान’ म्हणायचेच नाहीत. रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, तिथून पाटी वाचायचे आणि परत येऊन बोट ठेवायचे. ‘किराणा व भुसार’ अशी एक पाटी होती. म्हणाले, “भुचा उकार बघ. अक्षराच्या पोटातनं निघालाय, वरनं चिकटवलेला न्हाई. असाच काढत जा. अन् णाचा काना कुठं पळालाय?” गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं. ते मघापासून ‘एक नंबर, एक नंबर’ म्हणत होतं. त्या एक नंबरचा मला काडीचा उपयोग नव्हता, कारण उद्या हातानं काय पुन्हा करायचं हे त्यात नव्हतं. उकार मात्र मी आजही तसाच काढतो.

अक्षराला अशा नजरेनं बघायची रीत आमच्या तालुक्याला जुनीच आहे. सीनेकाठी डोमगावला कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थ रामदासांनी शिवथरघळीत दासबोध सांगितला आणि कल्याणांनी तो लिहून घेतला, असं परंपरा सांगते. त्यांच्या हातची म्हणून जपलेली, समर्थांनी स्वतः तपासून दुरुस्त केलेली मानली जाणारी प्रत या मठातली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1905 साली तिच्यावरूनच दासबोध छापला. मला त्या प्रतीत सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या दुरुस्त्या. ज्यानं ओळन् ओळ वाचली त्यालाच चुकलेली मात्रा सापडते. आणि अशा वाचणाऱ्यानं जी ओळ तशीच राहू दिली, तिच्यासाठी याहून मोठी शाबासकी कोणती?

त्याच ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास निव्वळ लेखनावर आहे. सुंदर लिहा म्हणून तो थांबत नाही. अक्षर वाटोळं, मोकळं हवं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं. भोवती जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येत नाही. (हे शेवटचं मला चष्मा लागल्यावर पटलं.) चांगलं म्हणजे नेमकं काय, हे इतकं ठाऊक असेल त्याच्या तोंडून आलेलं ‘चांगलं’ वजनदार असतं. खुशामत करणाऱ्याला अक्षराकडे बघावंच लागत नाही. तो लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो.

हल्ली शाळा सुटली की एक पोरगा दुकानात येऊन बसतो. ब्रश धरायची हौस आहे. घरचे त्याला कलाकार म्हणतात. मी त्याला म्हणालो, “वेलांटी झकास बसलीय, दांड्यावर बरोबर टेकते. काने मात्र सगळे उजवीकडं झोपलेत.” चेहरा पडला त्याचा, न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी वहीचं एक अख्खं पान नुसत्या कान्यांनी भरून घेऊन आला. तिसऱ्या ओळीपासून ते उभे राहिले होते. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.